सोमवारी साडेसहाला जगबुडी

जगाचा अंत आमच्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला व्हायचा. तिकडे अमेरिकेत रविवारी रात्री नऊला ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेचा भाग लागायचा आणि त्याच मिनिटाला तो आपल्याकडच्या ॲपवरही यायचा. त्या वेळी आम्ही चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या गर्दीत उभे असायचो. २०२३ च्या जानेवारीत पहिला सीझन आला तेव्हा ही वेळ साडेसातची होती. साडेसातला पहिली पाळी सुरू झालेली आणि मोबाइल लॉकरमध्ये, त्यामुळे सगळेच पाळी सुटल्यावर बघायचे आणि मंगळवारी बोलायचे. पण अमेरिकेतली माणसं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. दुसरा सीझन आला एप्रिल २०२५ मध्ये, जगबुडी तासभर अलीकडे सरकली आणि नेमकी आमच्या बसमध्ये येऊन बसली. पुढे जे झालं त्याचा पहिला दोष मी त्या घड्याळांना देतो. दुसरा माझ्या भाच्याला. माझा नंबर बराच खाली लागतो असं माझं मत आहे. बसमधल्या कोणाचं नाही.

मी राहतो थेरगावात, बस पकडतो डांगे चौकात आणि काम करतो इनकमिंग क्वालिटीत. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं माझ्याकडे. त्यातही माझा विषय रबर. ऑइल सील, बुश, होज, ग्रोमेट यांत अर्धं आयुष्य गेलं. रबराचा तुकडा अंगठ्याखाली दाबून मी त्याचा हार्डनेस सांगतो आणि मग मीटर लावला तर दोन-चार आकड्यांचाच फरक निघतो. घरी या विद्येचा उपयोग इडली झाली का ते बघण्यापुरता होतो.

बसच्या मागच्या बाकावर ट्रेनी पोरं बसतात. कोणी लातूरचं, कोणी जळगावचं, दोघं जुन्नरकडचे. थेरगाव, काळेवाडी, वाकड इथल्या खोल्यांत चौघं-पाचजण मिळून राहायचं, आणि बसमध्ये एका मोबाइलवर चार डोकी लावून काहीतरी बघायचं. पहिला सीझन चालू होता तेव्हाची गोष्ट. मी मागे जागा मिळाली म्हणून तिथे बसलो होतो आणि शेजारच्या मोबाइलमध्ये एक दाढीवाला माणूस एका पोरीला पिकअपमध्ये बसवून निर्मनुष्य रस्त्यावरून चालला होता.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉर्डिसेप्स नावाची एक बुरशी आहे. ती खरोखरच आहे. तिच्या जातभाईंतली एक मुंग्यांच्या अंगात शिरते, त्यांना झाडावर चढवते, पानाला चावून लटकायला लावते आणि मग मुंगीच्या डोक्यातून उगवते. दुसरी एक उत्तराखंडात कीडाजडी म्हणून सोन्याच्या भावाने विकली जाते. मालिकेत ही बुरशी २००३ च्या सप्टेंबरात माणसांत शिरते आणि जग बुडतं. वीस वर्षांनी जोएल नावाच्या माणसावर एका चौदा वर्षांच्या पोरीला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं काम येतं. एली तिचं नाव, तिला बुरशी चढत नाही. मूळचा हा व्हिडिओ गेम. नॉटी डॉग कंपनीने २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी काढलेला. गेम लिहिणारा नील ड्रकमन आणि ‘चेर्नोबिल’वाला क्रेग मेझिन या दोघांनी त्याची मालिका केली, जोएल झाला पेद्रो पास्कल आणि एली झाली बेला रॅमझी.

यातलं मला त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं. मी फक्त टायर बघितले. एवढंच विचारलं, की ही गाडी किती वर्षं उभी होती. पोरं म्हणाली, वीस. मी म्हणालो, “मग टायर खोटे आहेत.”

चारही डोकी वर आली. मी सांगितलं, की वीस वर्षं उभ्या गाडीच्या टायरला ओझोनने साइडवॉलवर भेगा जातात, रबरातलं तेल उडून ते कडक होतं आणि असं रबर रस्त्यावर दहा किलोमीटरही जात नाही. वायपरचं रबर तर त्याच्याही आधी जाईल. होज तडकतील, सील गळतील. “जग बुडाल्यावर माणसं बुरशीने मरणार नाहीत,” मी म्हणालो, “ऑइल सीलने मरतील.”

अर्ध्या आयुष्यात माझं ऑइल सीलवरचं बोलणं कोणी एवढं मन लावून ऐकलं नव्हतं. एकाने विचारलं, “सर, तुम्ही पण बघता?” मी म्हणालो, “बघतो म्हणजे काय.” दुसऱ्याने डोळे मोठे करून विचारलं, “गेमही खेळलात?”

इथे ‘नाही’ म्हणायला काही खर्च नव्हता. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “तेव्हाच.”

मग अभ्यास करणं आलं. ॲपचे वर्षाचे पैसे भरू की नको यात मी मार्च घालवला आणि एप्रिलमध्ये भरले. ज्या ॲपवर ही मालिका होती तिथून तिच्या वाहिनीचा, एचबीओचा, सगळा माल ३१ मार्च २०२३ ला हलला होता. वर्षभराच्या त्या पैशात मी क्रिकेट बघितलं आणि बायकोने एक कौटुंबिक मालिका, जिच्यातलं घराणं अजूनही बुडालेलं नाही. शेवटी रहाटणीला भाच्याच्या खोलीवर जाऊन त्याच्या लॅपटॉपवर मी नऊ भाग बघितले. जकार्ताच्या पिठाच्या गिरणीपासून सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलपर्यंत सगळं वहीत टिपून घेतलं. खोटं बोलायचं तर कागदपत्रं पूर्ण पाहिजेत, हे ऑडिटने शिकवलेलं आहे.

आणि मग कॅन्टीनमध्ये जी चर्चा रंगायची, तिला तोड नाही. जगातले बाकीचे लोक या मालिकेत प्रेम, सूड, बापाचं काळीज वगैरे बघतात. आमच्या टेबलावर तिचं ऑडिट व्हायचं. मेंटेनन्सचा एक फिटर होता, त्याला तिसरा भाग पाठ. त्या भागात बिल नावाचा एकलकोंडा माणूस कुंपण, सापळे, जनरेटर असं सगळं उभारून एकटा जगतो आणि मग फ्रँक येतो, नि दोघांचा संसार होतो. गेममध्ये हे असं नव्हतंच. तिथे फ्रँक फक्त मेलेला सापडतो. या बदलावरून जगभरच्या चाहत्यांत भांडणं लागली. आमच्या फिटरला दोन पुरुषांच्या संसाराबद्दल काडीचीही हरकत नव्हती. त्याची हरकत पेट्रोलवर होती. पेट्रोल वर्षभरात बिघडतं, मग यांच्या गाड्या चालतात कशा? त्यावर जळगावच्या पोराने पुढच्या भागातला संवाद काढून दाखवला. जोएल स्वतःच सांगतो, की आता हे पेट्रोल जवळजवळ पाणी झालंय, तासातासाला भरावं लागतं. फिटरने हा खुलासा मान्य केला, पण फाइल बंद केली नाही. शिवाय बिलचा तो पिकअप शेवरले. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता, तिथून शेवटची गाडी डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडली. त्यात आमच्या पर्चेसमधल्या एकाची उमेदीची वर्षं गेलेली. तो म्हणायचा, “जग बुडल्यावर शेवरले चालते, आणि चांगलं चाललेलं असताना नाही चालली!”

सगळ्यांत मोठा वाद मात्र पिठाचा. मालिकेत बुरशी पिठातून पसरली असं सुचवलेलं आहे, ठामपणे सांगितलेलं नाही. चाहत्यांनी त्याचे कण वेचून काढले. पहिल्या भागात जोएलच्या घरात पॅनकेकचं पीठ नसतं, तो शेजाऱ्यांची बिस्किटं नाकारतो, वाढदिवसाचा केक आणायला विसरतो आणि म्हणून वाचतो. झालं. जुन्नरवाले टेबलावर हात आपटून म्हणाले, “गव्हाचं पीठ ना? मग आम्ही सगळे वाचलो. आमच्याकडे बाजरीची भाकरी.” सोलापूरच्या एका वेल्डरने कडक भाकरीची बाजू मांडली, जी महिनोन्महिने टिकते आणि वेळ पडली तर अंगावर धावून आलेल्याला मारताही येते. लातूरकर ज्वारीवर ठाम. पुणेकर पोळीवाले गप्प. गुरुवारचा उपास करणाऱ्या पर्चेसवाल्याने साबुदाण्याचा मुद्दा काढला, की जग गुरुवारी बुडालं तर तो वाचेल. मी या सगळ्या वेळात चहात बिस्किट बुडवत होतो.

“सर,” जळगावकर म्हणाला, “पहिल्या भागात ती शेजारची म्हातारी आठवते? व्हीलचेअरवरची? बिस्किट भरवलेली? सगळ्यांत आधी तीच उठते बघा.” टेबल हसलं. मीही हसलो, पण बिस्किट अर्धं तुटून कपात पडलं होतं.

माझी गेमबद्दलची बडबड मात्र पातळ होत चालली होती. गेमवाला एकच खरा माणूस होता. लातूरचा, फार न बोलणारा. तो कधीमधी बारीक प्रश्न टाकायचा, की सर, हॉटेलचा तळघरातला जनरेटर तुम्ही कसा केलात? मी म्हणायचो, “पद्धतशीर.” हे फार दिवस चालणार नाही हे ओळखून मी भाच्याला गाठलं आणि म्हणालो, मला गेम शिकव.

त्या कंट्रोलरला दोन दांड्या असतात. एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. ज्याने आयुष्यभर चालताना आपोआप बघितलं त्याला हे वेगवेगळं करायला सांगणं अन्याय आहे. माझा जोएल बॉस्टनभर आभाळाकडे बघत भिंतीला धडका देत फिरला. मग क्लिकर आले. बुरशीने चेहरा फाकलेले हे लोक आंधळे असतात, पण टकटक आवाज काढून त्यावरून अंदाज घेतात. त्यांच्यापासून वाकून, दांडी अगदी हलकी ढकलत सरकायचं असतं. मी दांडी होती तशीच दाबली आणि स्वतः सोफ्यावरून उतरून वाकलो. गुडघा वाजला. मी श्वास रोखला.

भाचा म्हणाला, “मामा, तुझा गुडघा त्याला ऐकू जात नाही. आणि तुला त्याने मगाशीच खाल्लंय.”

त्यानंतर त्यानेच तोडगा काढला. “तू खेळू नकोस. मी गोष्ट सांगतो.” एका संध्याकाळी थेरगावच्या बोट क्लबच्या बाकावर पवनेकडे तोंड करून आम्ही बसलो, भेळ खाल्ली आणि त्याने पहिला गेम सांगितला. गोष्ट रंगात आली म्हणून दुसराही सांगितला, शेवटापर्यंत. आता भाच्याचं म्हणणं, की दुसऱ्या गेमची मालिका अजून यायची आहे हे त्याने मला स्पष्ट बजावलं होतं. माझं म्हणणं, त्या वेळी भेळवाल्याने तिखट जास्त घातलं होतं. एवढं खरं, की माझ्या डोक्यात दोन्ही भागांची मिळून एकच गोष्ट झाली आणि तशीच मुरत पडली.

ज्यांनी दुसरा सीझन बघितलेला नाही त्यांनी यापुढचे काही परिच्छेद गाळावेत. हे सांगण्याचा अधिकार मला नाही, तरी सांगतो.

२१ एप्रिल २०२५, सोमवार. साडेसहाला दुसरा भाग आला. बस मोशीच्या अलीकडे. मोबाइलवर डोकी जमली. बर्फात अडकलेली ॲबी नावाची मुलगी, तिच्यामागे बुरशीवाल्यांची झुंड, आणि तिला वाचवायला धावलेला जोएल. सात वाजून गेले, कंपनीचं गेट आलं, मोबाइल लॉकरमध्ये गेले आणि अर्धा भाग तसाच राहिला. पुढचे आठ तास या पोरांचे काय हाल झाले असतील, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नऊच्या चहाला सगळे त्याच विषयावर होते. सोलापूरचा वेल्डर भारावून म्हणाला, “जोएल तो जोएलच! ओळख ना पाळख, पण वाचवलं का नाही पोरीला?”

मी बिस्किट बुडवता बुडवता म्हणालो, “वाचवून काय उपयोग. तीच त्याला मारते ना आता, गोल्फच्या काठीने.”

कॅन्टीनमध्ये ताटांचा आवाज होता तो चालूच राहिला; आमच्या टेबलाचा थांबला. मला वाटलं माझी माहिती चुकली, म्हणून मी दुरुस्त करायला गेलो. “आधी गुडघ्यावर गोळी, मग काठी.” लातूरच्या पोराने कप खाली ठेवला. तो हे २०२० पासून जाणत होता. दुसरा गेम त्या जूनमध्ये बाजारात यायच्या आधीच एप्रिलमध्ये त्याची कथा फुटली होती आणि फुटलेलं वाचून तो स्वतः एकदा होरपळला होता. म्हणून त्याने ठरवलं होतं, की आपल्या तोंडून हे कोणालाही कळणार नाही. पाच वर्षं त्याने ते पोटात ठेवलं, खोलीतल्या दोस्तांनाही कळू दिलं नाही, आणि मी ते चहाबरोबर वाटून टाकलं.

“सर,” तो पहिल्यांदाच सलग बोलला, “तुम्ही गेम खेळलेलाच नाही. खेळलेला माणूस हे असं बोलत नाही.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा नव्हती. बॅगांना होती. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूच्या इंजिनवरच्या सीटवर जाऊन बसलो, जिथे उन्हाळ्यात कोणी बसत नाही. ड्रायव्हर दावडीकडचा, शांत माणूस. स्पाइन रोडला लागल्यावर त्याने विचारलं, की पोरं तुमच्यावर का रुसलीत? मी सांगितलं. तो म्हणाला, “मग मला सांगा की ष्टोरी. मला शेवट आधी कळला तर बरं पडतं. नुसतं टांगून ठेवलेलं मला झेपत नाही, गाडी चालवायची असते.”

असा श्रोता देव एखाद्यालाच देतो. रोज डांगे चौक ते चाकण मी त्याला दोन्ही गेम लावून सांगितले. कुठेही घाई केली नाही. तळेगाव चौकातल्या गर्दीत तर उपकथानकंही झाली. त्याचे प्रश्न चोख असत: पोरीची आई कुठाय, घोड्यांना बुरशी का होत नाही, डिझेल मिळतं का.

इकडे रुसवा काही निघेना. आठवडे गेले. भाग येत होते, पोरं अर्धे बसमध्ये आणि अर्धे रात्री खोलीवर बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती. शेवटचा, सातवा भाग २६ मे च्या सोमवारी येणार होता. मी आदल्या आठवड्यात लॉकरपाशी त्यांना अडवून प्रस्ताव ठेवला, की हा भाग तुकड्यातुकड्याने मोबाइलवर बघू नका. गुरुवारी माझ्या घरी या. मोठा टीव्ही, जेवण, सगळे एकत्र. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारची असते, आमचीही. पोरांनी आपसात बैठक घेऊन अटी कळवल्या. एक, सोमवार ते गुरुवार मी कोणत्याही विषयावर बोलायचं नाही. दोन, भाग चालू असताना मी हॉलमध्ये बसलो तर तोंडात काहीतरी खायचं ठेवून बसायचं.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २६ तारखेला पुण्यात मान्सून पोचलाही. आमच्या हॉलच्या भिंतीला, टीव्हीच्या बरोबर वर, वरच्या मजल्याच्या बाथरूमची ओल दर पावसाळ्यात उतरते. या वेळी ती लवकर उतरली आणि तिच्यावर हिरवट-काळी बुरशी चढली. पोरांनी पाऊल टाकल्या टाकल्या फोटो काढायला सुरुवात केली. “सर, तुमच्या घरी तर सेट लावलाय!” रुसवा निम्मा तिथेच उतरला. माझ्या हातून या प्रकरणात घडलेली एकमेव चांगली गोष्ट म्हणजे मी ती भिंत दोन वर्षं रंगवली नव्हती.

भाग सुरू झाला. मी अटीप्रमाणे चकली धरून बसलो होतो, पण चावायची हिंमत नव्हती. शेवटाकडे थिएटरमधला प्रसंग. ॲबी बंदूक रोखून उभी, एली समोर, आणि ॲबी ओरडते. पडदा काळा.

कोणी हललं नाही. पावसाचा आवाज येत होता. मग जळगावकर हळूच म्हणाला, “काय कट मारलाय!” वेल्डर म्हणाला, गोळीचा आवाजही ऐकवला नाही, आपल्यावर सोडलं. पर्चेसवाल्याने ‘चेर्नोबिल’चा दाखला दिला. चर्चा चांगली तापली, हा शेवट आहे की नाही, एली वाचली की नाही. या मेझिनला प्रेक्षकाला छळायला आवडतं, यावर एकमत होऊ घातलं होतं. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला.

“अहो, लाइट गेलीय. इन्व्हर्टर का चालू नाही झाला?”

पंखा कधीच थांबला होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम या घरात माझ्याकडे आहे, एवढंच इथे नमूद करतो.

वायफाय गेलं, इमारतीत मोबाइलला रेंज यायला गॅलरीच्या कठड्यावर वाकावं लागतं आणि बाहेर धुवाधार. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका टॉर्च घेऊन वर आले, लाइट फक्त आपलीच गेलीय का ते विचारायला. काका एचएमधून रिटायर झालेले. पिंपरीतल्या लोकांना सांगायला नको. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. एकेकाळी पेनिसिलिन म्हटलं की पिंपरी. काकांनी टॉर्च टीव्हीच्या वरच्या भिंतीवर मारला, जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाले, “साधी आहे. वरच्यांचा नळ बघून घ्या.” मग पोरं एवढी गंभीर का बसलीत म्हणून विचारलं. त्यांना गोष्ट सांगण्यात आली. मला बोलायची परवानगी नसल्यामुळे इतरांनी सांगितली.

काका ऐकत गेले तसे अस्वस्थ होत गेले. “बुरशी माणसाच्या अंगात वाढते? सदतीस अंशाला? अरे, पेनिसिलिन म्हणजे बुरशीच. जन्मभर तिला टाक्यांतून पोसली आम्ही. पंचवीस अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. थंड पाणी बंद पडलं की सगळ्यांची धावपळ. एवढी नाजूक.” लातूरकराने नम्रपणे सांगितलं, की मालिकेत तेच म्हटलंय, पृथ्वी तापत गेली आणि बुरशी उष्णतेला सरावली. काकांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. शास्त्र पटल्यावर ते औषधाकडे वळले. “औषध नाही म्हणता? साठच्या दशकात आमच्या इथेच निघालं होतं, मी लागायच्या आधी. तिरुमलाचार म्हणून शास्त्रज्ञ होते. मातीत सापडलेला एक सूक्ष्मजीव, त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीवरून. त्याच्यापासून बुरशीवरचं औषध, हॅमायसिन. आधी इकडे फोन करायचा, मग जग बुडवायचं.”

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगावरची इंजेक्शनं शोधत लोक गावभर फिरत होते, ते काकांनी सांगितलं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. वेल्डरचा काका त्यात एका डोळ्याने गेला होता. बायकोने मेणबत्ती आणून टेबलावर ठेवली आणि ताटं मांडायला घेतली.

काकांना खरा राग आला तो पहिल्या सीझनच्या शेवटाचा. सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलात डॉक्टर एलीचा मेंदू कापून औषध करायला निघतात आणि जोएल सगळ्यांना गोळ्या घालून तिला उचलून आणतो. त्याने बरोबर केलं की चूक, यावर जगभरचे चाहते वर्षानुवर्षं भांडताहेत. काका म्हणाले, “म्हणजे सगळ्या जगात मूळ नमुना एकच, आणि पहिल्याच दिवशी तो मारून टाकणार? आमच्याकडे मदर कल्चर कुलपात असायचं. त्याला हात लावायला सह्या लागायच्या.”

हा मुद्दा मला इतका पटला, की मी चकली खाली ठेवली. मी क्वालिटीचा माणूस. एकच पीस आलाय, दुसरा मिळणार नाही, आणि पहिली टेस्ट कोणती, तर डिस्ट्रक्टिव्ह! असल्या लॅबला मी ऑडिटमध्येच मेजर एनसी, म्हणजे मोठी त्रुटी, दिली असती. हे मी मोठ्याने म्हणालो. अट मोडली होती, पण अंधारात कोणी टोकलं नाही. उलट लातूरकर म्हणाला, “बरोबर आहे सर.” गेल्या कित्येक आठवड्यांत त्याने मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

मग जेवता जेवता जग इथे बुडालं तर राहायचं कुठे हे ठरवणं ओघानेच आलं. जळगावकर म्हणाला वेंगसरकर अकादमी; भिंत आहे, मैदानात ज्वारी पेरता येईल. फिटर म्हणाला बोट क्लब, एका बाजूने नदी. जुन्नरवाले शिवनेरीशिवाय ऐकेनात. ड्रायव्हरला मी बोलावलं होतंच, तो म्हणाला, “एवढं लांब कशाला, चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शाइस्तेखानाला तिथे जवळपास दोन महिने अडवून धरलं होतं. खान सुरुंग लावू शकला, ही बुरशीवाली काय लावणार?” हा ठराव मंजूर झाला. पाणी, धान्य, गॅस ही खाती एकमताने माझ्या बायकोला गेली. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. कोणत्या पिंपात काय, कोणत्या दिवशी काय धुवायचं, याचं तिचं नियोजन मालिकेतल्या जॅक्सन गावाच्या कमिटीलाही जमणार नाही. फिटर जनरेटरला, वेल्डर दरवाजांना, काका औषधाला.

“आणि मी?” मी विचारलं.

कोणी काही बोललं नाही. जळगावकराने माझ्या ताटाकडे बघितलं. बायकोने बाकीच्यांना भाकरी वाढली होती आणि मला, सकाळच्या उरल्या होत्या म्हणून, पोळ्या. “सर,” तो म्हणाला, “तुम्ही पहिल्या भागापर्यंतच आहात.”

लाइट रात्री उशिरा आली. तोवर पोरं गेली होती. मी एकट्याने राहिलेलं बघितलं. ॲबी ओरडते, गोळीचा आवाज होतो आणि पडदा खरोखरच काळा होतो. मग दुसरीच सकाळ, दुसरीच गोष्ट सुरू. म्हणजे जळगावकराची अख्खी समीक्षा बरोबर होती, फक्त काही सेकंद आधीची.

शुक्रवारी मागच्या बाकावर बॅगा खाली ठेवलेल्या होत्या. मी बसलो. तिसरा सीझन यायला वेळ आहे, तो ॲबीच्या बाजूने असणार, एवढ्यावरच सगळे बोलत होते आणि मी तोंड मिटून मान हलवत होतो. मोशीला बस थांबली. पुढे कंटेनर आडवा. इंजिन बंद करून ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. आदल्या रात्रीच्या जेवणाने तो खुशीत होता, आणि त्याला माझा एकट्याचा श्रोता राहून कंटाळा आला असावा.

“काय रे पोरांनो, एवढी चर्चा करताय,” तो बसभर ऐकू जाईल असं म्हणाला, “शेवटी ती एली ॲबीला सोडूनच देते की! आणि वर स्वतःची दोन बोटं घालवून बसते!”

सगळी बस त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघायला लागली. लातूरकराने डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावर कोपऱ्यात प्रेस शॉपचा एक नवा ट्रेनी होता, त्याला अजून कोणी काही शिकवलेलं नव्हतं. त्याच्या खात्यात रोज सकाळी सेफ्टीची शपथ घेतात. त्याने काळजीने विचारलं, “कुठल्या हाताची?”

मला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं.